चुकलेलं पेनानं, बरोबर पेन्सिलीनं

पीएच.डी.ला गाइड शोधत मी कोल्हापुरातल्या त्या संशोधन संस्थेत गेले, तेव्हा तिथल्या एका पिकल्या केसांच्या शास्त्रज्ञानं माझं मार्कलिस्ट न बघताच बाजूला सारलं आणि विचारलं, "शेजारी कोन ऱ्हातंय तुमच्या?"

"एस.टी.तले ड्रायव्हर काका आहेत."

"काल रातच्याला कालवण काय हुतं त्यांच्यात?"

मी कागलची. विहाराच्या मागं आमची वस्ती, घराला घर चिकटलेलं. तिथं शेजारचं कालवण विचारावं लागत नाही, वासावरून कळतं. "सुकट," मी म्हणाले. "करपलं होतं."

"घेतली तुला," ते म्हणाले. "सोमवारपास्नं ये."

संपला इंटरव्ह्यू. माझ्या आधी आत गेलेली मुलगी एम.एस्सी.ला पहिली आलेली. तिला आपल्या फ्लॅटशेजारच्यांचं आडनावसुद्धा सांगता आलं नव्हतं. ती बाहेर बाकावर डोळे पुसत होती आणि मी दोन-दोन पायऱ्या उतरत बाबांना फोन लावत होते. आमच्या घरात बी.ए.च्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आणि या माणसानं माझं आडनाव विचारलं नव्हतं, विचारलं होतं ते शेजाऱ्याचं कालवण. वाटलं, माणूस असावा तर असा.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. नाव लिहीत नाही, त्या नावाचा चोथा लोकांनी पुरेसा केला. सर म्हणते, तेवढं बास.

सरांना एकच वेड होतं, शेजाराचं. शरीरातली पेशी कधी एकटी नसते, तिला शेजार असतो. दोघी एकमेकींना सतत काहीतरी कळवत असतात, आणि काय खायचं, किती जाळायचं हे त्यावर ठरतं. हे त्यांचं शास्त्र, आणि लॅबचा कायदाही हाच. कुणी एकट्यानं डबा खायचा नाही. दीड वाजला की सगळे डबे टेबलाच्या मध्ये. उपासवाल्यालाही मटण खाणाऱ्याच्या शेजारी बसवायचे. पेशी उबेला ठेवायच्या कपाटात एखादा फ्लास्क एकटाच दिसला की कॉरिडॉर दणाणायचा, "कुणी रं ह्याला अनाथ करून ठेवलंय?" आम्हा विद्यार्थ्यांना नावं नव्हती, गावं होती. मी 'कागल'. माझ्याबरोबरचा मुलगा 'शाहूवाडी'. परदेशातून शास्त्रज्ञ आला तरी त्याला "बसा पावणं!" म्हणायचे आणि वर आम्हाला सांगायचे, "इंग्रजी कागदावर लिवायला हाय, तोंडात घालायला न्हाय."

आणि वहीचा नियम. तसा नियम मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. प्रयोगाच्या वहीत चुकलेलं पेनानं लिहायचं आणि बरोबर आलेलं पेन्सिलीनं.

"उलटं न्हाय का सर?" पहिल्याच आठवड्यात मी विचारलं.

"उलटं कसं? चुकलंय ते चुकलंयच की. त्यात काय बदल हुनार न्हाय, घाल पेनानं. बरोबर आलंय म्हंतीस ते उद्या खोडाय लागंल. त्याला शिसपेन्सिल."

आता यात हसण्यासारखं काय आहे? पण आम्ही हसायचो. शाहूवाडी तर म्हणायचा, "सरांच्या लग्नाची पत्रिका पेनानं लिवल्याली असनार." पुढं याच शाहूवाडीनं तीन वाईट रीडिंग्ज लिहिलेलं पान वहीतून फाडलं. सरांनी शिवणीत अडकलेली कागदाची चिंधी बघितली, त्याची सॅक उचलून दाराबाहेर ठेवली आणि म्हणाले, "चुकलास म्हनून न्हाय. लपवलंस म्हनून." पोरगा पाया पडला, त्याचे वडील शाहूवाडीहून तांदळाचं पोतं घेऊन आले. सरांनी पोत्यासकट त्यांना स्टँडवर सोडलं, तिकीट काढून दिलं, गाडी हलेपर्यंत थांबले. पण पोराला परत घेतलं नाही. तो आता कुठं आहे मला माहीत नाही. ती सॅक निळी होती.

कॅन्सरची पेशी काय करते हे सर उसावरून शिकवायचे. ते कसबा बावड्याला राहायचे, साखर कारखान्याच्या वाऱ्यात. गळीत सुरू झालं की त्यांच्या शर्टालासुद्धा मळीचा वास यायचा. ते म्हणायचे, "साधी पेशी शहाण्या बाईगत. साखरंचा दाणा शेवटपतुर जाळती, सगळी ऊब काढून घेती. कॅन्सरची पेशी उधळी. ऊस एकदा चरकातनं काढला न काढला की टाकला, घ्या दुसरा. निम्मा रस चिपाडातच. मग एवढी उधळपट्टी करून ती माजती कशी? खाती कुठलं?" इथं थांबून ते आमच्याकडं बघायचे. "शेजारचं खाती! शेजारच्या साध्या पेशीला निरोप धाडती. ती बिचारी आपली चूल हिच्यासाठी पेटवती, साखर अर्धीमुर्धी जाळती आनि ताट हिच्याकडं सरकवती. तेवा निरोप तोडायचा. गाठ उपाशी मरंल."

हे सगळं त्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, जगात कितीतरी लोक यावर काम करतात. सरांना दाखवायचं होतं की हा निरोप आपल्याला मोजता येतो आणि तोडताही येतो.

त्यासाठी दोन तऱ्हेचे फ्लास्क. एकात नुसत्या कॅन्सरच्या पेशी, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला साध्या पेशी. त्या साध्या पेशींचा आमच्याकडं एक जुना वाण होता, सरांनीच वर्षानुवर्षं वाढवत आणलेला. त्याला ते 'शेजारीण' म्हणायचे, आणि तिच्याशी बोलायचे. अगदी खरं सांगते. हूड म्हणजे जंतू येऊ नयेत म्हणून गाळलेली हवा खेळवणारं काचेचं कपाट. हात तेवढे आत घालायचे असतात. सर डोकंही घालायचे. शेजारणीचा फ्लास्क उघडून, गालात लवंग धरून, खड्या कोल्हापुरी आवाजात, "काय म्हंतीया शेजारीण? जेवलीस का? ती बया आज काय मागाय आलती?"

मी एकदा मास्क पुढं केला. म्हणाले, "तोंड बांधून शेजारनीसंगं कोन बोलतंय व्हय?" सगळे हसले, मीही हसले. मास्क ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. ते गेल्यावर हूडला बराच वेळ लवंगेचा वास असायचा.

माझ्या तिसऱ्या वर्षी आमचा निकाल आला. पेशींना आम्ही घालतो ते अन्न, मीडियम, गुलाबी असतं. पेशींनी साखर अर्धवट जाळून आम्ल सोडलं की ते पिवळं पडतं. एकट्या फ्लास्कमधलं नारिंगीपर्यंत आलं. शेजारीण असलेलं हळदीसारखं पिवळं. आकडे काढले. साखर दणक्यात खाल्लेली, आम्ल चढलेलं, पेशींमधली ऊर्जा वाढलेली. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच. सरांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला. "नाद खुळा!" एवढंच म्हणाले. मग वॉचमनपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना मिसळ. संध्याकाळी वहीत आकडे त्यांनी स्वतः लिहिले, पेन्सिलीनं. "एवढं आलं तरी पेन्सिल?" मी म्हणाले. "एवढं आलं म्हनूनच," ते म्हणाले.

पेपर छापून आला. एक नाही, दोन. पहिलं नाव माझं. सरांनी हट्टानं घातलं.

आता माझं सांगते. प्रबंध लिहून झाला होता, फेलोशिप संपत आली होती. बाबा कागलला पोस्टमन होते, निवृत्त झालेले. त्यांनी काय करावं? प्रबंध जमा व्हायच्या आधीच माझ्या नावाची पाटी करून आणली, पितळेची, पुढं 'डॉ.' कोरलेलं. म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या वाचत हिंडलो. एक आपली वाचायची हाय." पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली होती, आणि रोज कुणीतरी ती खाली काढून बघायचं.

प्रबंधाला पेशी निर्जंतुक असल्याचा एक दाखला जोडतात. बहुतेक जण डोळे मिटून सही करतात. मला काय दुर्बुद्धी झाली, म्हटलं आपण खरोखर तपासून सही करू. सरांची विद्यार्थिनी ना मी! एका शनिवारी दुपारी, लॅबमध्ये कुणी नसताना, दोन्ही पेशींच्या स्लाइड केल्या आणि अंधारात चमकणारा रंग घातला. त्यात पेशीचं केंद्र तेवढं निळं दिसतं, बाकी सगळीकडं काळोख हवा. कॅन्सरच्या पेशी तशाच, स्वच्छ. मग शेजारणीची स्लाइड लावली. केंद्राभोवती राळ्याचे दाणे सांडल्यासारखे निळे ठिपके. हजारो.

मायकोप्लाझ्मा. पेशीहून कितीतरी बारीक जंतू. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, पेशीला चिकटून तिच्या ताटातलं खातात आणि तिचं सगळं जळण बिघडवून ठेवतात. पेशींमध्ये ते बऱ्याचदा येतात कुठून? माणसाच्या तोंडातून.

मला लवंगेचा वास आला. खरोखर आला, की आठवला, सांगता येत नाही. पिवळं पडलं होतं ते या जंतूंनी. चार वेळा तसंच आलं, कारण चारही वेळा शेजारीण तीच होती. निरोप वगैरे काही नव्हतं, सरांचं उष्टं होतं.

वही समोर होती. त्या दिवशीचं पान. वर मी तारीख घातली होती, 'शेजारीण व कॅन्सर, स्लाइड' एवढं लिहिलं होतं. खाली एक ओळ लिहायची होती, पेनानं. मी अर्धा तास पेन धरून बसले. मग टोपण लावलं. पान फाडलं नाही हो, तेवढी अक्कल शाहूवाडीवरून आली होती. ओळ सोडली आणि पुढच्या पानावर पुढची तारीख घातली. स्लाइड फेकायला हवी होती, पण फेकायचं त्या माणसानं शिकवलंच नव्हतं. जुन्या स्लाइडच्या पेटीत सगळ्यात खालच्या खाचेत खुपसली. आणि दाखल्यावर सही केली.

मनाला काय सांगितलं? सांगितलं की व्हायव्हा झाली की बोलू. मग नोकरी लागली की बोलू. मग कायम झाले की. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

व्हायव्हाला पाहुण्या परीक्षकांसमोर सर उभे राहिले आणि म्हणाले, "ही कागल. हिनं मला कधी खोटं सांगितल्यालं न्हाय." टाळ्या पडल्या. बाबा मागच्या रांगेत रडत होते. पाटी त्याच संध्याकाळी दाराला लागली.

ती पाटी आणि ते दोन पेपर यांवर मला कॉलेजात नोकरी लागली, कायमची.

माझ्यानंतर सरांकडं एक मुलगी आली, शिरोळची. तिचा सगळा प्रबंध माझ्या निकालावर उभा राहायचा होता. तो निरोप नेमका कुठल्या रेणूचा, हे तिला शोधायचं होतं. नसलेला निरोप शोधायला बसवलं होतं पोरीला. पहिली दोन वर्षं तिला माझ्यासारखंच पिवळं मिळालं. मग कोरोना आला. लॉकडाउनमध्ये फ्रीझर बंद पडला आणि शेजारणीचा जुना वाण मेला. नंतर पुण्याहून नव्या पेशी आणल्या. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, सरांच्यासुद्धा, बिनमास्कचं शिपाई दारातून आतच सोडायचा नाही. आणि फ्लास्क पिवळा पडायचा थांबला.

सर म्हणायचे, "मी तोंड बांधल्यापास्नं ती बोलंनाच झालीया." थट्टेनं म्हणायचे आधी. पुढंपुढं थट्टा राहिली नाही. मी भेटायला गेले की मास्क हनुवटीवर ओढून मला विचारायचे, "कागल, तुज्या हाताला कसं येत हुतं गं?" मी कॉलेजच्या परीक्षांबद्दल बोलायचे.

शिरोळनं फोन केला होता एकदा. "ताई, माझ्याच हाताला गुण न्हाई का हो? दीड वर्ष झालं, एकदा बी येईना. तुम्ही नक्की काय करत होता?"

मी काय म्हणाले? म्हणाले, "परत करून बघ."

हे शब्द मी उच्चारले आहेत. तिनं परत केलं, परत केलं, आणि मग सोडून दिलं. आता इचलकरंजीत एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. रस्त्यात भेटली तर अजून 'ताई' म्हणते.

लोकांना विषय मिळालाच होता. सरांच्या निवृत्तीआधीच्या चर्चासत्रात एका तरुण प्राध्यापकानं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमचा निकाल कुणालाच येत नाही, आता तुमच्याच लॅबमध्ये येत नाही. आकडे शिजवले होते का?" सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. सर, ज्यांनी तीन रीडिंग्जसाठी एका पोराचं करिअर दाराबाहेर ठेवलं, ते माइकपुढं उभे राहून म्हणाले, "न्हाय. वही हाय, बघा." मी तिसऱ्या रांगेत होते. उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी पाण्याची बाटली उघडली आणि परत लावली.

राग यायचा मला त्यांचा, आजही येतो. मास्क दिला होता की मी! हसून उडवला कुणी? एवढा शेजार-शेजार करणाऱ्याला आपल्या तोंडातलं दुसऱ्याच्या ताटात पडतंय हे कळू नये? आणि चूक करायची एवढी दहशत घालून ठेवली तर सांगणार कोण? असं मी स्वतःशी भांडते. पण दहशत चूक करण्याची नव्हतीच. चूक तर आम्ही रोज पेनानं लिहायचो आणि ते शेजारी बसून चहा प्यायचे. दहशत लपवण्याची होती, आणि मला अडवायला ती पुरली नाही.

निवृत्त होताना सरांनी लॅब स्वतः आवरली. पेटीतली एकूणएक स्लाइड काढून बघायची त्यांना सवय. खालच्या खाचेत माझी सापडली. वर माझ्या अक्षरात 'शेजारीण', रंगाचं नाव आणि तारीख. रंग बराच उडाला होता, पण रंग चमकवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली ठिपके अजून दिसत होते. हे मला पुढं कळलं.

आधी कळलं ते सगळ्यांना कळलं तेव्हा. दोन्ही पेपर सरांनी आपण होऊन मागं घेतले. मासिकाला पाठवलेलं पत्र छापून आलं. लिहिलं होतं, "पेशी दूषित होत्या, दूषण बहुधा माझ्या तोंडातून झालं, मी मास्क वापरत नव्हतो, दोष सर्वस्वी माझा." आणि शेवटी एक वाक्य, "या दूषणाची माझ्या विद्यार्थिनीला कल्पना नव्हती."

ते वाक्य मी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं. सहकारी म्हणाले, बरं झालं बाई, तू वाचलीस. मला मात्र कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या माणसानं उभ्या आयुष्यात एक खोटं छापलं, आणि ते माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी बावड्याला गेले. सर नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. काकू मुलाकडं पुण्याला गेल्या होत्या. दार उघडून म्हणाले, "ये कागल." चहा टाकला. समोरच्या फ्लॅटचं दार बंद होतं. त्याच्याकडं बघत म्हणाले, "दोन वर्सं झाली, कोन ऱ्हातंय ठावं न्हाय बघ." मग बराच वेळ कारखान्याच्या धुरावर बोलले, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली. पत्राचा विषय नाही. मी तोंड उघडायचे आणि ते साखर किती घालू विचारायचे.

शेवटी उठून आतून वही आणली, आमची जुनी, जाड पुठ्ठ्याची. मध्ये खूण म्हणून स्लाइड घातलेली. स्लाइड काढून टीपॉयवर ठेवली आणि ते पान उघडून वही माझ्याकडं फिरवली. माझीच तारीख, माझंच अक्षर, खाली मोकळी जागा.

"हितं एक ओळ ऱ्हायलीया," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मासिकात काय छापलंय त्ये ऱ्हाऊ दे. त्ये लोकांसाठी. ही आपली वही. कुनाला दावनार न्हाय मी. पेन हाय का तुज्याकडं?"

मला कॉलेज दिसलं. बाबा दिसले, रोज सकाळी फडक्यानं पाटी पुसणारे. तारखेपुढं माझ्या हातची ओळ पडली की ती कायमची पडणार होती, आणि ती वही कधी कुणाच्या हाती लागेल याचा काय भरवसा? दाखवणार नाही म्हणाले होते. त्यांनी शब्द दिला होता, आणि त्यांचा शब्द मला पुरला नाही.

पर्स माझ्या मांडीवर होती. प्राध्यापक बाईची पर्स, तिच्यात दोन निळी पेनं होती आणि पेपर तपासायचं एक लाल.

"नाही सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पर्सकडं बघितलं नाही. वही मिटली, स्लाइड खिशात घातली.

"बरं," म्हणाले. "च्या घे. गार हुतोय."